‘किती मागू?’ विचारण्याआधी पत्रातला हुद्दा वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. बडोद्याच्या फाइन आर्ट्समधून शिल्पकलेची पदवी. मग अलकापुरीतल्या एका छोट्या स्टुडिओत तीन वर्षं मोबाइल गेमसाठी थ्रीडी कॅरेक्टरं. हातात महिना २६,०००. आता पुण्यातल्या एका आउटसोर्सिंग स्टुडिओत (दुसऱ्या कंपन्यांच्या गेमचं काम करून देणाऱ्या) आर्ट टेस्ट झाली, इंटरव्ह्यू झाला आणि एचआरनं फोनवर ६ लाख सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) सांगितलं, त्यात ६०,००० व्हेरिएबल (हमी नसलेला भाग). शिवाय १८ महिन्यांचा बाँड, म्हणजे त्याआधी सोडलं तर पैसे भरायचे. उत्तर शुक्रवारपर्यंत हवंय. आई-बाबा म्हणतात पगार जवळजवळ दुप्पट होतोय, मुकाट्यानं हो म्हण. मित्र म्हणतो १० माग, ८ वर तुटेल. आणि तुम्ही विचारताय, किती मागू?

मीही बडोद्याचीच, दांडिया बाजारात वाढलेली. पुण्यात आणि बंगळूरला कॅरेक्टर आर्टिस्ट म्हणून, पुढे लीड म्हणून काम केलं. आता इथूनच, घरून, एका स्टुडिओची कॅरेक्टर टीम सांभाळते. उमेदवार निवडायला पॅनलवर बसते, त्यामुळे पलीकडच्या बाजूला काय शिजतं ते बऱ्यापैकी माहीत आहे.

तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय, ‘मेलच्या विषयात ज्युनिअर कॅरेक्टर आर्टिस्ट असं लिहिलंय, पण पैसे बरे असतील तर हुद्द्याचं एवढं काय’. खरी मेख तिथेच आहे. तुम्ही आकड्यावर डोकं खाजवताय आणि आकडा ज्यावरून ठरला ती गोष्ट तशीच सोडून दिलीय.

मध्यम आणि मोठ्या स्टुडिओंत ज्युनिअर, आर्टिस्ट, सीनिअर, लीड अशा पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीला पगाराची खालची-वरची मर्यादा आधीच मंजूर होऊन आलेली असते. एचआर त्या मर्यादेच्या आत थोडं पुढे-मागे करू शकते, बाहेर जाऊ शकत नाही. ६ लाख हे ज्युनिअरचं वरचं टोक असेल, तर तुम्ही ७ मागा की १० मागा, समोरच्या बाईंच्या मनात असूनही त्यांना देता येणार नाही. तेच ६ लाख ‘आर्टिस्ट’च्या पायरीत बहुधा तळाशी येतील आणि तिथून वर सरकायला वाव असेल. मंगळ बाजारात ४०० सांगितलेला कुर्ता २५०ला सुटतो, कारण तिथे भाव दुकानदाराच्या तोंडात असतो. इथे तो एका एक्सेल शीटमध्ये बसलेला असतो, आणि तुम्हाला कोणत्या ओळीत टाकायचं एवढंच ठरायचं बाकी असतं. घासाघीस करायची तर ती ओळीवर करा.

याला अपवाद आहेच. पंधरा-वीस माणसांचा स्टुडिओ असेल आणि मालक स्वतः इंटरव्ह्यूला बसला असेल, तर ओळीबिळी काही नसतात. त्याच्या मनाला येईल तो आकडा. पण तुमच्याकडे आर्ट टेस्ट, लीडचा राउंड आणि मग एचआर अशी रीतसर रांग झालीय, म्हणजे शीट आहे असं समजून चाला.

आता ओळ कशी ठरते ते सांगते. पोर्टफोलिओ उघडलं की आम्ही छान उजेडातली रेंडरं बाजूला ठेवतो आणि वायरफ्रेम, म्हणजे मॉडेलची रेषांची जाळी, बघतो. आधी खांदा. एज लूप (त्या जाळीतल्या रेषांच्या कड्या) खांद्याभोवती नीट फिरले नसतील, तर रिगरनं (मॉडेलमध्ये हलणारा सांगाडा बसवणाऱ्यानं) हात वर केला की बगल चुरगळते आणि मॉडेल परत येतं. मग कोपर आणि गुडघा, तिथे वाकायला पुरेसे लूप आहेत का. मग यूव्ही, म्हणजे टेक्स्चर चढवायला मॉडेलचा पृष्ठभाग उलगडून सपाट केलेला नकाशा. चेहऱ्याला जागा जास्त मिळालीय, की बुटाच्या तळव्यालाही तेवढीच वाटलीय? नॉर्मल मॅप (बारकावे भासवणारं चित्र) बेक करताना, म्हणजे मूळ शिल्पावरून उतरवताना, बोटांच्या मध्ये, कानामागे काळे डाग राहिलेत का? केस हेअर कार्डनं (केसांचं चित्र लावलेल्या सपाट पट्ट्यांनी) बसवलेत, की झेडब्रश या डिजिटल शिल्पाच्या सॉफ्टवेअरमधलं शिल्प तसंच ठेवून वेळ मारून नेलीय? रफनेस मॅप (पृष्ठभाग किती खरखरीत ते सांगणारं चित्र) नुसता बघितला तर कातडी, चामडं आणि पितळ वेगवेगळं ओळखू येतं का? आणि शेवटी, हे सगळं अनरियल किंवा युनिटी या गेम इंजिनांमध्ये नेऊन दाखवलंय का, की मार्मोसेट या रेंडरच्या सॉफ्टवेअरमधल्या सुंदर प्रकाशातच संपलंय? पाच-सात मिनिटांत पॅनलवरचं कोणीतरी म्हणतं, ‘ज्युनिअर’ किंवा ‘मिड’ (म्हणजे आर्टिस्ट). तुमच्या पगाराचा मोठा हिस्सा त्या क्षणी ठरलेला असतो. एचआरचा फोन नंतर येतो.

यात वर्षं फार मोजत नाहीत. ज्युनिअर म्हणजे ज्याचं काम रोज बघावं लागतं. आर्टिस्ट म्हणजे ज्याला कॉन्सेप्ट शीट आणि पॉलिकाउंटची (मॉडेलमधल्या त्रिकोण-चौकोनांच्या संख्येची) मर्यादा दिली की तो ठरलेल्या दिवशी गेममध्ये चालेल असं मॉडेल आणून देतो, मधे दोनदा फीडबॅक घेतो, बस. सीनिअर दुसऱ्याच्या मॉडेलमधली चूक रिगरकडे जायच्या आधी पकडतो.

याच्यामागे साधा धंद्याचा हिशोब आहे. आउटसोर्सिंग स्टुडिओ क्लायंटला मॅन-डे, म्हणजे एका माणसाचं एका दिवसाचं काम, विकतो. एका कॅरेक्टरला २० मॅन-डे ठरले आणि ते तुमच्या हातून २८ दिवसांनी निघालं, तर वरचे ८ दिवस स्टुडिओच्या खिशातून जातात. म्हणून स्टुडिओ जास्त पैसे कशाला मोजतो? प्रतिभेला मोजतो, नाही म्हणत नाही, पण त्याहून जास्त भरवशाला मोजतो. तुमचं काम किती दिवसांत होईल हे आधी सांगता येणं आणि तसंच होणं, याला किंमत आहे. आणि हे तुमच्या पोर्टफोलिओत कुठेच लिहिलेलं नाही! चार कॅरेक्टरं आहेत, चारही देखणी आहेत, खाली फक्त नाव आणि झेडब्रशचा लोगो.

तेव्हा आज रात्री बसून एक पान तयार करा. प्रत्येक कॅरेक्टरसाठी किती ट्रायअँगल, किती टेक्स्चर सेट आणि कोणत्या मापाचे, किती दिवस लागले, किती वेळा फीडबॅक आला, गेम बाजारात आली का, रिगिंगला मॉडेल परत आलं का. खरं तेच लिहा. एखाद्याला २५ दिवस लागले असतील तर २५ लिहा आणि का लागले ते एका ओळीत सांगा. लीडला तसा माणूस आवडतो. कंपनीची परवानगी नसेल तर अप्रकाशित कामाचं चित्र देऊ नका, आकडे मोघम सांगा.

शिल्पकलेच्या पदवीचं काय, असंही तुम्ही विचारलंय. उपयोग आहे, भरपूर आहे. मातीत शरीर घडवलेल्या माणसाला हाड कातडीजवळ कुठे येतं, मांस कुठे लोंबतं हे हातानं माहीत असतं, ते झेडब्रशमध्ये लगेच दिसतं. पण पॅनलवरचा अनुभव असाही आहे की शिल्पकलेकडून आलेली मुलं हाय-पॉली (बारीक तपशिलाचं जड मॉडेल) अप्रतिम करतात आणि रेटोपोला (तेच गेमसाठी हलक्या जाळीत परत बांधायला) कंटाळतात. तुमची आर्ट टेस्ट मी बघितलेली नाही. त्यांनी ज्युनिअर म्हटलंय ते कदाचित याच कारणानं असेल, कदाचित मोबाइलचं काम म्हणजे हलकं असा समज असेल, कदाचित तुमचा सध्याचा पगार बघून सोयीस्कर ओळ निवडली असेल. तिन्हींना उत्तर वेगळं, म्हणून आधी विचारायला हवं.

विचारायचं कोणाला? एचआरला नव्हे, ज्या लीडनं इंटरव्ह्यू घेतला त्याला. एचआरला मेल करा की निर्णय घेण्याआधी लीडशी १५ मिनिटं बोलायचंय, कामाचं स्वरूप समजून घ्यायला. याला सहसा कोणी नाही म्हणत नाही. फोनवर पैशाचा विषयच काढू नका. म्हणा, ‘सर, तुमच्याकडे ज्युनिअर आणि आर्टिस्ट यांच्या कामात नेमका फरक काय? माझ्या टेस्टमध्ये कुठे कमी पडलं?’ मग गप्प राहून ऐका. त्यांनी सांगितलेल्या गोष्टी तुम्ही सध्या करतच असाल, तर ते एक पान पुढे करा, ‘हे तर मी आत्ताही एकट्यानं करतो, हे बघा. मग मला आर्टिस्ट म्हणून घेता येईल का?’ लीडला पटलं तर तोच एचआरला सांगेल आणि तुमच्या दहा मेलांपेक्षा त्याचं एक वाक्य भारी पडेल. नाही पटलं, तर निदान खरं कारण कळेल. हेअर कार्ड कच्चे आहेत असं म्हणाला, तर ते खरंच कच्चे आहेत का हे तुम्हाला ठाऊक असेलच.

आता पैसे. आधी ६ लाखांचा पडदा बाजूला करू या.

६ लाखांतून ६०,००० व्हेरिएबल वजा करा. ते कधी, किती मिळेल हे कंपनी ठरवते. राहिले ५,४०,०००, म्हणजे महिना ४५,०००. बेसिक त्याच्या निम्मं, २२,५०० धरू. सीटीसीत कंपनीच्या वाट्याचा पीएफ धरलेला असतो, १५,०००च्या वैधानिक मर्यादेवर कापत असतील तर १,८००. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, सुमारे १,०८०, आणि कायम नोकरीत ती पाच वर्षं टिकलात तरच हातात येते. विम्याचा हप्ता धरा ७००. उरले साधारण ४१,४००. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० गेला. हातात आले ३९,४००च्या आसपास. प्राप्तिकराची काळजी नको, नव्या पद्धतीत या उत्पन्नावर कर लागत नाही. पीएफ पूर्ण बेसिकवर कापत असतील तर हातात ३७,६०० येतील, मात्र ते पैसे तुमच्याच खात्यात साठतील.

आता बडोद्याशी ताडून बघा. तुम्ही लिहिलंय की घरी १०,००० देता आणि ८,००० शिल्लक पडतात. पुण्यात दोघा-तिघांत फ्लॅट घेतला तरी भाडं, मेस, वीज, गाडीचं पेट्रोल, दोन महिन्यांतून एकदा घरी येणं, सगळं मिळून २२,००० सहज. ३९,४०० मधून ते गेले, घरचे १०,००० गेले, उरले ७,४००. म्हणजे तथाकथित दुप्पट पगारावर शिल्लक आहे त्याहून कमी, वर डिपॉझिटचे पैसे आधी उभे करायचे. आई-बाबांना हा हिशोब कागदावर मांडून दाखवा, वाद होणार नाही. याचा अर्थ ही नोकरी घेऊ नये असा नाही. मोठ्या स्टुडिओत कन्सोलचं काम शिकायला मिळणार असेल, तर त्यासाठी एक वर्ष शिल्लक कमी पडली तरी मी जाईन. पण ‘दुप्पट मिळतंय’ म्हणून जाऊ नका.

तर मागायचं किती? माझं मत असं. आर्टिस्टची ओळ मिळाली, तर ७ लाख फिक्स मागा, व्हेरिएबल वेगळं. साडेसहाला खूश व्हा. फिक्स ६ लाखांच्या खाली उतरू नका. ६ लाख फिक्स म्हणजे वरच्याच पद्धतीनं हातात ४४,३००च्या जवळपास, मग घरचं आणि पुण्याचं भागून १२,००० उरतात. ओळ बदललीच नाही, तर आकड्यावर फार ताणू नका. दोन गोष्टी मागा: व्हेरिएबल फिक्समध्ये घाला, आणि सहा महिन्यांनी हुद्द्याचा आढावा घेऊ हे ऑफर लेटरमध्ये लिहून द्या. ‘बघू, नक्की करू’ हे फोनवरचं बोलणं त्या एचआरनं नोकरी सोडली की तिच्याबरोबर जातं, आणि एचआर आपल्यापेक्षा लवकर नोकऱ्या बदलतात.

मित्राचे १० विसरा. ६ सांगितल्यावर १० मागितले की समोरच्याला वाटतं, याला बाजार माहीत नाही किंवा याला यायचंच नाही. दोन्ही समज तुमच्या तोट्याचे.

फोन साधारण असा जाईल.

‘मग शुक्रवारी कन्फर्म करताय ना?’

‘मॅडम, काम मला आवडलंय, यायची इच्छा आहे. लीड सरांशी बोलणं झालं. ते म्हणाले तशी जबाबदारी असेल तर मला आर्टिस्टच्या हुद्द्यावर ७ लाख फिक्स अपेक्षित आहेत.’

इथे थांबा. खरंच थांबा. आपल्याकडे हा क्षण सहन होत नाही. आपण लगेच म्हणतो, ‘म्हणजे थोडं कमी-जास्त चालेल’. ते वाक्य तोंडातून निघालं की कमी तेवढं चालतं. पलीकडून येईल, ‘हे आमच्या बजेटच्या बाहेर आहे’. तुम्ही विचारा, ‘या हुद्द्यासाठी फिक्सचं बजेट कुठपर्यंत जातं?’ आकडा आला तर आला, नाही आला तर ‘तुम्ही वर विचारून सांगा, मी सोमवारपर्यंत थांबतो’ म्हणा. पुण्याचं भाडं महाग, बहिणीचं लग्न, बाइकचा हप्ता यांतलं एकही कारण सांगू नका. ते कारण तुमचं आहे, स्टुडिओचं नाही. ‘दुसरीकडून ऑफर आहे’ हे नसताना म्हणू नका. कॅरेक्टर आर्टिस्टांचं जग फार छोटं आहे, पुण्यातले लीड एकमेकांना ओळखतात.

तुमच्या हातात हुकमाचं एक पान आहे आणि तुम्हाला ते दिसलेलं नाही. तुमचा नोटीस पीरियड ३० दिवसांचा आहे. मोठ्या स्टुडिओंतून येणाऱ्यांचा ६० किंवा ९० दिवसांचा असतो. आउटसोर्सिंगमध्ये भरती बहुतेक वेळा ठरावीक प्रोजेक्टसाठी निघते. क्लायंटनं अमुक तारखेपासून इतकी माणसं हवीत असं सांगितलेलं असतं आणि खुर्ची रिकामी राहिली तर बिलिंग बुडतं. तेव्हा ‘मी पाच आठवड्यांत रुजू होऊ शकतो’ हे वाक्य योग्य जागी टाका. त्यासाठी कधी कधी ५०,००० ज्यादा निघतात, कधी जॉइनिंग बोनस निघतो. बोनस घेतलात तर किती महिन्यांत नोकरी सोडली तर परत करायचा, ते वाचा.

मग सध्याच्या पगाराचं काय? ‘करंट सीटीसी सांगितलं की मेलो’ असं तुम्ही म्हणता. लपवता येणार नाही. सॅलरी स्लिप मागतात, बँक स्टेटमेंट मागतात, पीएफच्या यूएएन क्रमांकावरून आधीच्या नोकऱ्या कळतात. खोटा आकडा दिला आणि पडताळणीत सापडला, तर हातची ऑफर जाते. खरा आकडा द्या आणि त्याच वाक्यात तो तोडून टाका, ‘सध्या ३ लाख ३० आहे, बडोद्यातल्या मोबाइल स्टुडिओच्या हिशोबानं. इथलं काम वेगळं आहे, म्हणून मी इथल्या कामाच्या पातळीवर अपेक्षा सांगतोय.’ अमुक टक्के वाढ असं बोलणं सुरूच होऊ देऊ नका. टक्केवारीवर बोललात की २६,०००चं ओझं पुढची पाच वर्षं पाठीवर.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगायला हवं. सध्याचा काळ मागणाऱ्यांचा नाही. २०२५च्या फेब्रुवारीत टेक्निकलर ही सिनेमाचे इफेक्ट्स करणारी कंपनी कोसळली तेव्हा बंगळूर-मुंबईतले थ्रीडीवाले एकदम बाजारात आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर कायद्यानं बंदी आली. रमी-तीनपत्तीच्या कंपन्या आर्टिस्टांना चांगले पैसे देत, तो दरवाजा बंद झाला. तिथले लोक बहुतेक टूडी आणि यूआयवाले, त्यामुळे तुमच्यासारख्या कॅरेक्टर मॉडेलरला त्याचा थेट फटका कमी. टेक्निकलरवाल्यांशी मात्र तुमची गाठ आहे, पण त्यांच्यातल्या अनेकांना सिनेमाच्या जड मॉडेलची सवय आहे, रिअल-टाइमची, म्हणजे गेममध्ये तत्क्षणी चालणाऱ्या हलक्या मॉडेलची, नाही. १२,००० ट्रायअँगलमध्ये चेहरा ओळखू येईल असं कॅरेक्टर बसवणं ही मोबाइलवाल्यांची कमाई आहे. ती कमीपणानं सांगू नका.

स्वतःच्या गेम काढणाऱ्या स्टुडिओचं गणित निराळं. तिथे मॅन-डे नसतात. गेम चालली तर बोनस, पैसा आटला तर सगळी टीम घरी. परदेशी कंपनीच्या भारतातल्या शाखेत ओळी आणखी कडक असतात, पण सोयी बऱ्या. तुमची केस आउटसोर्सिंगची आहे, म्हणून मी त्यावरच बोलतेय.

बाँडबद्दल. ‘बाँड कोर्टात टिकत नाही’ असं सगळे सांगतात, ते अर्धवट आहे. नोकरी सोडल्यावर अमुक ठिकाणी काम करायचं नाही ही अट १८७२च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. पण ठरावीक काळाआधी सोडलं तर अमुक रक्कम भरायची, ही वेगळी गोष्ट. २०२५च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून घेतलेले २ लाख वैध ठरवले. ती सरकारी बँक, भरतीचा खर्च मोठा, हे न्यायालयानं लक्षात घेतलं. खाजगी स्टुडिओला ते जसंच्या तसं लागू होईल असं नाही. तरी सही करताना ‘कोण विचारतंय’ म्हणू नका. स्टुडिओ तुम्हाला नेमकं कोणतं प्रशिक्षण देणार आहे ते विचारा. १८चे १२ महिने होतील का बघा, आणि रक्कम महिन्यागणिक कमी होत जाईल असं लिहून घ्या. मूळ मार्कशीट कोणाच्याही ताब्यात देऊ नका. प्रत दाखवा, मूळ परत घ्या. स्टुडिओ बाँडवर अजिबात हटत नसेल, तर तो पगाराचा मुद्दा करा: १८ महिने बांधून घ्यायचंय, तर मधली पगारवाढ किती, कधी?

पगारवाढीवरून आठवलं. बऱ्याच कंपन्यांत एप्रिलच्या वाढीला एक कट-ऑफ तारीख असते. तिच्यानंतर रुजू झालेल्यांना त्या वर्षी काही मिळत नाही. तुमची रुजू व्हायची तारीख कट-ऑफच्या अलीकडे की पलीकडे, विचारा. नाहीतर वर्षभर आणि वर काही महिने याच आकड्यावर बसावं लागेल.

शनिवार विचारा. आठवड्याला पाच दिवस आणि सहा दिवस यांत वर्षाकाठी ५० दिवसांचा फरक पडतो, आणि क्लायंटच्या डिलिव्हरीच्या आठवड्यात रात्री किती, त्याची बदली रजा मिळते का, तेही. टीममधल्या ज्युनिअरला लिंक्डइनवर गाठून विचारलंत तर एचआरपेक्षा खरं कळेल. आणि व्हेरिएबल गेल्या वर्षी लोकांच्या हातात किती पडलं, हाही प्रश्न त्यालाच.

पोर्टफोलिओचा मुद्दा मला पगाराइतकाच वाटतो. नोकरीत केलेल्या कामाचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, १९५७च्या कायद्यानं मालकाचा असतो. आउटसोर्सिंगमध्ये त्याच्याही वर क्लायंट बसलेला. गेम बाजारात आल्यानंतर स्वतः केलेलं मॉडेल आर्टस्टेशन या पोर्टफोलिओच्या साइटवर दाखवता येईल का आणि क्रेडिटमध्ये नाव येतं की फक्त स्टुडिओचं, हे आत्ता विचारा. तीन वर्षं काम करून दाखवायला एकही चित्र नाही अशी मंडळी माझ्यापुढे बसतात, आणि त्यांना बिचाऱ्यांना परत टेस्ट देऊन पहिल्या पायरीपासून सिद्ध करावं लागतं. दोन स्टुडिओ सारखे पैसे देत असतील, तर काम दाखवू देणारा निवडा.

एक तक्रार आपल्याच लोकांबद्दल. फाइन आर्ट्सच्या वातावरणात पैशाबद्दल बोलणं जरा हलकं समजतात. कॉलेजच्या फेअरमध्ये आपण महिनाभर खपून केलेली खेळणी मातीमोल विकतो आणि वर खूश होतो. ती सवय घेऊन मुलं नोकरीच्या फोनवर बसतात आणि ‘तुम्ही द्याल ते’ म्हणतात. बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्यातली रविवर्म्याची पौराणिक चित्रं सयाजीरावांनी सांगून करून घेतलेली आहेत, म्हणजे काम आणि मोबदला ठरवूनच. त्यानं त्यांची कळा काही उतरलेली नाही.

आता या आठवड्याचा क्रम. आज ते एक पान आणि एचआरला मेल. उद्या-परवा लीडशी बोलणं. गुरुवारी एचआरचा फोन. शुक्रवारची मुदत फारशी खरी नसते, आर्ट टेस्टवर त्यांचेही दिवस गेलेत. सोमवारपर्यंत नम्रपणे वाढवून मागा. नम्र मागणीवरून दिलेली ऑफर काढून घेतलेली मी क्वचितच पाहिलीय, आणि तीही मालकाच्या मर्जीवर चालणाऱ्या ठिकाणी.

सगळं ठरलं की तोंडी ‘हो’वर राजीनामा देऊ नका. सहीचं ऑफर लेटर येऊ द्या आणि त्यात हुद्दा, फिक्स, व्हेरिएबल, पीएफ कशावर कापणार, बाँड आणि आढाव्याची तारीख हे सगळं बोलल्याप्रमाणे आहे का ते तपासा. जुन्या स्टुडिओकडून रिलीव्हिंग लेटर लेखी मागून घ्या. पगाराची फोड आली की नाव-गाव झाकून इथे टाका, बेसिक आणि पीएफ बघून हातात किती येईल ते सांगते.